मुलांना जादूची पुस्तकं सुचवायची कशी? (सातारा-सांगलीकडच्या आई-बाबा, मावश्या, काका आणि नव्या शिक्षकांसाठी)

मी सातारला एका वाचनालयाच्या बालविभागात रविवारी सकाळी बसते, पुस्तकं देते-घेते, मुलं मला मावशी म्हणतात. तिथं येणाऱ्या पालकांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "ताई, ह्याला काहीतरी जादूबिदूचं द्या, पण चांगलं द्या." मग मी विचारते की ह्याला अंधाराची भीती वाटते का, आणि एका बैठकीत हा किती पानं वाचतो? बहुतेकांना यातलं एकही सांगता येत नाही. सगळे वय सांगतात. आठ वर्षांचा आहे, पाचवीत आहे, वगैरे.

माझं म्हणणं एवढंच आहे की जादूचं पुस्तक वयावरून देऊ नका. मुलाला भीती किती झेपते आणि वाचायचा दम किती आहे, या दोन गोष्टी बघून द्या. एकाच वर्गातल्या, एकाच बाकावरच्या दोन मुलांना वेगवेगळी पुस्तकं लागतात. खालचं सगळं त्याच दोन गोष्टींवर आहे.

आधी एवढं जवळ ठेवा

- वाचनालयाचं सभासदत्व. बहुतेक ठिकाणी आधार कार्डाची झेरॉक्स, पासपोर्ट साइझचे एक-दोन फोटो, भरलेला अर्ज आणि अनामत रक्कम लागते, वर महिन्याची वर्गणी. लहान मुलाच्या अर्जावर पालकाची सही लागते, त्यामुळे पोराला एकट्याला पाठवू नका.
- एक शंभर पानी वही. पुस्तकाचं नाव, कधी सुरू केलं, कुठल्या पानावर सोडलं, एवढंच लिहायचं. मार्क द्यायचे नाहीत.
- पानात घालायला जाड कागदाच्या पट्ट्या. पान दुमडायची सवय लागली की वाचनालयाचं पुस्तक दोन वर्षांत खिळखिळं होतं.
- रोज झोपायच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं, टीव्ही आणि मोबाईल बंद. हे नसेल तर बाकीच्या गोष्टी असून उपयोग नाही.

१. आधी पोराशी बोला

आई-बाबा शेजारी उभे असले की मूल आईला आवडेल तेच उत्तर देतं, म्हणून मी पालकांना पेपर चाळायला पाठवते आणि मुलाशी बोलते. "कुठलं पुस्तक आवडतं?" हे विचारायचं नाही, त्याला उत्तर येत नाही. "तुला एक जादू करता आली तर कुठली करशील?" असं विचारा. कोण म्हणतं गायब होईन, कोण म्हणतं उडेन, कोण म्हणतं आमच्या कुत्र्याला बोलता यायला पाहिजे. या उत्तरातच अर्धी निवड होते. गायब होणाऱ्याला लपाछपीची, गुपितांची, शाळेतल्या उचापतींची गोष्ट लागते. उडणाऱ्याला मोठा प्रवास लागतो, नकाशा असलेलं पुस्तक दिलं तर ते तासभर नकाशाच बघत बसतं. आणि कुत्र्याला बोलतं करणाऱ्याला प्राण्यांच्या गोष्टी, त्यात राक्षस-चेटकिणींची लढाई नसली तरी त्याचं काही अडत नाही.

दुसरा प्रश्न, "आत्ता टीव्हीवर काय बघतोस, आणि त्यातलं कुठलं पात्र नको वाटतं?" नको वाटणारं पात्र कळलं की पुढची पायरी सोपी जाते.

२. भीती कुठली आहे ते ओळखा

यावर जास्त वेळ घालवा, कारण पुस्तक अर्धवट सुटतं ते बऱ्याचदा इथंच. भीती सगळ्यांना एकच नसते. काहींना भूत-अंधार चालतो, पण गोष्टीत आई-बाबा हरवले की छातीत धस्स होतं. काहींना लढाईत शंभर राक्षस मेले तरी काही वाटत नाही, पण एक घोडा जखमी झाला की पुस्तक बंद. काहींना रूप बदलण्याची भीती असते, माणसाचा दगड झाला, मुलाचा बेडूक झाला, हे त्यांना रात्री आठवतं.

चौथीतला एक मुलगा यायचा, परीकथांचं एकच चित्रांचं पुस्तक परत परत न्यायचा. एकदा माझ्यासमोरच उघडून बसला तेव्हा दिसलं की एका पानावर चेटकीण होती, तिथं आला की डावा पंजा चित्रावर ठेवायचा आणि उरलेला मजकूर वाचायचा, पान उलटलं की हात काढायचा. पुस्तक त्याला हवंच होतं, चेटकीण पण हवीच होती, फक्त ती कधी दिसणार हे त्याच्या हातात असायला हवं होतं. अशा मुलाला चित्रांचं पुस्तक द्या, जाडजूड मजकुराचं नको, कारण मजकुरातली चेटकीण हाताखाली झाकता येत नाही.

एक उदाहरण सांगते. रोआल्ड डालचं 'द विचेस' (१९८३) हे इंग्रजी माध्यमातली पोरं हमखास मागतात. त्यात चेटकिणी मुलाचा उंदीर करतात आणि शेवटपर्यंत तो उंदीरच राहतो. १९९० च्या सिनेमात मात्र तो परत मुलगा होतो. म्हणजे सिनेमा बघून "ह्याला चालेल" असं ठरवलं तर शेवटाला गडबड होते. ज्या मुलाला रूप बदलण्याची भीती आहे त्याला हे आत्ता देऊ नका, दोन वर्षांनी द्या, तेव्हा तेच पुस्तक त्याचं लाडकं होईल. सिनेमावरून पुस्तकाचा अंदाज बांधायचा नाही, शेवटची दहा पानं स्वतः वाचून बघायची.

घाबरट मुलाला भीतीचं काहीच द्यायचं नाही, असंही करू नका. थोडी भीती हवीच, फक्त त्या पुस्तकात घराचा रस्ता दिसत राहिला पाहिजे. राक्षस आहे, पण आजी पण आहे. जंगल आहे, पण संध्याकाळी परत यायचंय. एवढं असलं की घाबरट पोर पण शेवटापर्यंत जातं.

३. वाचायचा दम बघा

पुस्तक मधेच कुठंतरी उघडा, मुलाला एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. एक-दोन बोटं दुमडली तर पुस्तक त्याचं. तीन-चार झाली तर तुम्ही सोबत बसा. पाचही दुमडली तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं, त्याच्या हातात एकट्यानं द्यायचं नाही.

आपल्याकडं यात एक जादा अडचण आहे. इंग्रजी माध्यमातली कित्येक मुलं घरी अस्सल सातारी-सांगली मराठी बोलतात, पण छापील मराठी वाचताना जोडाक्षरांना अडखळतात, आणि इंग्रजी पुस्तक दिलं तर शब्द वाचता येतात पण गोष्टीतली गंमत पोचत नाही, मग आई म्हणते ह्याला वाचनाची आवडच नाही. आवड आहे हो, रस्ता अडलाय. अशा मुलाला पहिला महिनाभर मराठी पुस्तक तुम्ही वाचून दाखवा, तो नुसता ऐकू दे, आणि रोज शेवटचा एक परिच्छेद त्याला वाचायला द्या. गोष्ट रंगात आली की तो परिच्छेद संपल्यावर स्वतःच पुढं वाचायला लागतो.

४. कुठल्या पुस्तकांपासून सुरुवात करायची

वयं अंदाजानं लिहिते, वरच्या दोन पायऱ्या करूनच वापरा.

अगदी लहान, पहिली-दुसरीच्या आसपासचे असतील तर विंदा करंदीकरांच्या बालकविता घ्या, 'एटू लोकांचा देश' मोठ्यानं वाचा. कल्पनेचा आख्खा देश आहे तो, आणि कविता असल्यामुळं दम कमी असला तरी चालतो. मुलं दुसऱ्या दिवशी ओळी पाठ म्हणतात. जोडीला प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठी चित्रकथा फुकट आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, मोबाईलवर उघडतात. मोबाईल तुमच्या हातात ठेवा आणि चित्रं दाखवा.

तिसरी-चौथीला जी. ए. कुलकर्णींचं 'बखर बिम्मची'. मोठ्यांना जी. ए. म्हटलं की गंभीर, गूढ कथा आठवतात, म्हणून पालक हे पुस्तक हातात घेऊन परत ठेवतात. ठेवू नका. बिम्म लहान मुलगा आहे, आजूबाजूचं जग त्याच्याशी बोलतं आणि भीती जवळजवळ नाहीच. ज्या मुलानं "कुत्र्याला बोलता यायला पाहिजे" म्हटलं होतं त्याला मी हेच देते. त्यांचंच 'मुग्धाची रंगीत गोष्ट' पण बघा. याच वयाला हॅन्स अँडरसनच्या परीकथा, मराठीत सुमती पायगावकरांनी आणल्यात. फक्त ध्यानात ठेवा, अँडरसनच्या गोष्टी गोडच असतात असं नाही. काडीपेटी विकणारी मुलगी शेवटी थंडीनं मरते. ती गोष्ट पहिल्यांदा तुम्ही सोबत असताना होऊ दे.

चौथी ते सहावी हा विक्रम-वेताळाचा सुवर्णकाळ. आमच्या पिढीनं तो 'चांदोबा' मासिकात वाचला, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला राजा, ते शंकर यांचं चित्र अजून डोळ्यापुढं आहे. मूळ गोष्टी अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात पण आहेत. यातली खरी मजा वेताळाच्या प्रश्नात आहे, म्हणून तिथं पुस्तक बंद करायचं आणि घरातल्या सगळ्यांना उत्तर विचारायचं, आजी-आजोबांना पण. आमच्याकडं एका प्रश्नावर जेवणं थंड झालेली आहेत. जुने चांदोबाचे अंक रद्दीवाल्याकडं दिसले तर सोडू नका. आणि 'किशोर' मासिक, बालभारतीचं, १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन फुकट ठेवलेत. कमी दमाच्या मुलाला हे एकदम बरोबर, कारण एक गोष्ट चार-पाच पानांत संपते आणि संपवल्याचं समाधान मिळतं.

ज्यांना वाचायचंच नाही त्यांना नाटक द्या. रत्नाकर मतकरींची 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' ही बालनाट्यं संहिता म्हणून घरात वाटून घेऊन वाचा, एकानं चेटकीण व्हायचं, एकानं राजा. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' तिथंच केलं, राक्षस तेव्हापासून सांगलीच्या रंगमंचावर धिंगाणा घालतायत. संवाद म्हणायचे म्हटले की न वाचणारं पोर दहा वेळा तेच पान वाचतं.

लोककथा पण विसरू नका. सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचं प्रचंड काम करून ठेवलंय, ते मोठ्यांनी वाचावं आणि मुलांना सांगावं. गावाकडच्या आजीला पण विचारा, तिच्याकडं अजून छापली न गेलेली एखादी गोष्ट निघेल.

इंग्रजी सहज वाचणाऱ्या पाचवी-सहावीच्या मुलांना रिक रायर्डनची पर्सी जॅक्सनची मालिका चालते, पहिलं पुस्तक २००५ चं. त्यातल्या नायकाला वाचताना अक्षरं गोंधळात टाकतात, म्हणून वाचायला त्रास होणारी मुलं त्याला लगेच आपला मानतात. आणि महाभारत ऐकून वाढलेल्यांना रोशनी चोक्शींचं 'आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम', त्यात पांडवांचा धागा आहे, आजोबांना पण गप्पांत घेता येतं.

सातवी-आठवीच्या पुढं, दम असेल तर टॉल्किन. आधी 'द हॉबिट' (१९३७), तो मुलांसाठीच लिहिलेला आहे. नंतर 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही मोठी त्रयी, ती मराठीत मुग्धा कर्णिकांनी 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून आणलीय. उलट क्रमानं दिलं तर पहिल्या शंभर पानांतच पोर थकतं.

५. हॅरी पॉटरचं काय करायचं

सगळे विचारतात, म्हणून वेगळं लिहिते. पहिला भाग १९९७ चा, सातवा २००७ चा, आणि मराठी अनुवाद पण मिळतात. पहिल्या भागात हॅरी अकरा वर्षांचा आहे आणि दर भागाला एक वर्षानं मोठा होतो, तशी पुस्तकं पण वयात येतात. तिसऱ्यापासून अंधार वाढतो, चौथ्याच्या शेवटी एका विद्यार्थ्याचा मृत्यू होतो, पाचवा इंग्रजीत साडेसातशे पानांच्या वर आहे. चौथीतल्या मुलाला वाढदिवसाला सात भागांचा आख्खा सेट आणून दिला की काय होतं, पहिले दोन झपाट्यानं, तिसरा कसाबसा, आणि चौथा कपाटात. मग पोराला वाटतं आपल्याला जमलं नाही. एकेक भाग आणा. चौथ्याच्या आधी जरा थांबलात तरी काही बिघडत नाही, मधे दुसरं काहीतरी वाचू दे. चौथा संपेल त्या दिवशी घरात असा.

६. इथं फसू नका

लेखकाच्या नावावरून पुस्तक उचलू नका. मतकरींनी मुलांची नाटकं लिहिली तशाच मोठ्यांसाठी जबरदस्त गूढकथाही लिहिल्या, आणि वाचनालयात काही वेळा दोन्ही एकाच कपाटात असतात. भयकथा लिहिणारे नारायण धारप तर मोठ्यांचेच. "मला पण लहानपणी आवडायचे" म्हणून तिसरीतल्या मुलाला धारप देणारे काका मी बघितलेत, तसं करू नका, आठवी-नववीपर्यंत थांबा.

अरेबियन नाइट्सचं तर फार जपून. अल्लाउद्दीन, सिंदबाद म्हणून आपण लहान मुलांच्या खात्यात टाकतो, पण मूळ गोष्टी मोठ्यांच्या आहेत. गौरी देशपांडेंनी बर्टनच्या इंग्रजीवरून केलेला मराठी अनुवाद अनेक खंडांचा आणि पूर्ण आहे, तो तुम्ही वाचा, खूप सुंदर आहे, मुलाच्या हातात नको. मुलांसाठी म्हणून वेगळी केलेली आवृत्ती बघून घ्या.

मालिका असेल तर कुठला भाग पहिला ते बघा. नार्नियाच्या सात पुस्तकांचा घोळ नेहमी होतो, कारण आत्ताच्या बऱ्याच सेटवर आकडे गोष्टीतल्या काळाप्रमाणे आहेत. सगळ्यात आधी छापलं ते 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' (१९५०), तिथूनच सुरू करा. कपाटाचं दार उघडून बर्फात पाऊल पडतं, ते आधीच माहिती असलं तर मजा जाते.

स्टॉलवरची स्वस्त कॉपी घेताना मधली पानं चाळा, पानं उलटी लागलेली, शाई पुसट, शेवटचा फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) गायब, असं निघतं. संक्षिप्त आवृत्ती पण बघून घ्या, अडीचशे पानांची गोष्ट चाळीस पानांत कोंबली की जादू निघून जाते आणि नुसता "मग असं झालं, मग तसं झालं" उरतं.

७. "हे जादूटोणा शिकवतं का?" असं घरातून आलं तर

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. सातारा हे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव, इथं बुवाबाजीविरुद्ध आयुष्य घालवलेली माणसं आहेत, त्यांनाही वाटतं की पोरांच्या डोक्यात चमत्कार कशाला भरायचे. मला त्यांची काळजी पटते, पण उपाय म्हणून पुस्तक काढून घेणं पटत नाही.

मी मुलांना एवढंच विचारते, की पुस्तकातल्या जादूगारानं तुझ्याकडं पैसे मागितले का? तुला काही करायला सांगितलं का? आजारी माणसाला डॉक्टरकडं नेऊ नको म्हणाला का? मुलं नाही म्हणतात. मग जो खऱ्या जगात असं म्हणतो तो कोण? सहावीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "तो फसवतोय मावशी, गोष्टीतला फसवत नाय, कारण त्यो खोटा हाय हे आपल्याला म्हाईत असतंय." तिला कुणी शिकवलं नव्हतं. भरपूर जादू वाचलेल्या मुलाला गोष्ट कुठं संपते ते चांगलं कळतं. आजी-आजोबांना शंका असेल तर त्यांनाच संध्याकाळी एक प्रकरण मोठ्यानं वाचायला सांगा, दोन दिवसांत ते पुढं काय झालं म्हणून विचारायला लागतात.

८. पुस्तकं मिळवायची कुठं

सातारला आणि सांगलीला दोन्हीकडं जुनी नगर वाचनालयं आहेत, जाण्याआधी फोन करून बालविभागाची वेळ विचारा. तालुक्याच्या आणि मोठ्या गावांत अनुदानित वाचनालयं असतात, तिथं मुलांची पुस्तकं कमी दिसली तर ग्रंथपालांना यादी लेखी द्या, खरेदीच्या वेळी ती उपयोगी पडते. तोंडी सांगितलेलं राहून जातं.

सातारचा ग्रंथमहोत्सव चुकवू नका, जिल्हा परिषदेच्या मैदानावर भरतो, मुलाला ठरलेली रक्कम हातात द्या आणि त्यालाच निवडू द्या.

आणि भिलार. पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्याला, स्ट्रॉबेरीचं गाव, ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव म्हणून सुरू झालं. गावकऱ्यांच्या घरांत विषयवार पुस्तकं ठेवलीत, कुणीही जाऊन बसून वाचावं, पैसे नाहीत. बालसाहित्याचं घर विचारत जा. पुस्तकं तिथंच वाचायची असतात, घरी न्यायची नाहीत, म्हणून घाईच्या महाबळेश्वर ट्रिपमधे पंधरा मिनिटं कोंबू नका, अर्धा दिवस ठेवा आणि मुलाला जमिनीवर लोळत वाचू द्या. ज्या पुस्तकात तो अडकेल त्याचं नाव वहीत लिहून घ्या आणि आल्यावर वाचनालयात मागा.

९. पुस्तक दिल्यावर

"काय शिकलास?" विचारू नका. तात्पर्य शाळेत लिहून होतं. "आता तो कुठं पोचलाय?" असं विचारा, म्हणजे गोष्टीतल्या माणसाबद्दल, तर पोर दहा मिनिटं बोलत सुटतं.

तीस-चाळीस पानं वाचून आवडलं नाही तर सोडू द्या. वहीत पान नंबर आणि कारण लिहा, "भीती वाटली", "कंटाळा आला", "नावं लक्षात राहिना". भीती वाटली असेल तर ते पुस्तक वर्षभरानं परत काढा. कंटाळा आला असेल तर पुढचं पुस्तक कमी पानांचं घ्या. आणि नावं लक्षात राहत नसतील तर पहिल्या कोऱ्या पानाला चिकटचिठ्ठी लावून पात्रांची यादी करून द्या, वाचनालयाचं पुस्तक असेल तर परत करताना चिठ्ठी काढायची. एकच पुस्तक सातव्यांदा मागितलं तरी द्या, ग्रंथपालांना सांगून मुदत वाढवून घ्या.